विज्ञानाच्या तासाला ‘सृष्टिविज्ञान’: पाहुणे वक्ते येण्याआधी काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. परभणी जिल्ह्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत मॅडम दहावीला विज्ञान भाग २ शिकवतात. संस्थेच्या ओळखीतून एक वक्ते येणार आहेत. विषय ‘सृष्टिविज्ञान: डार्विनच्या पलीकडे’, वेळ विज्ञानाच्या दोन तासांची, सोबत प्रोजेक्टर आणि पुस्तिकावाटप. संस्थाचालक म्हणतात, “मुलांना दोन्ही बाजू कळू द्या की, बिघडलं काय?” मॅडमना भांडण नको आहे, पण धडाही वाया जाऊ द्यायचा नाही.

मॅडम, आधी ‘दोन्ही बाजू’ या शब्दांचं पाहू, कारण सगळी मेख तिथं आहे. ही मागणी आपल्याकडची नाही. तिला अमेरिकेतला जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास आहे. १९२५ साली टेनेसी राज्यातल्या डेटन गावात जॉन स्कोप्स या शिक्षकावर उत्क्रांती शिकवल्याबद्दल खटला झाला. तेव्हा मागणी सरळ होती: उत्क्रांती शिकवूच नका. १९६८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने असे बंदीचे कायदे घटनाबाह्य ठरवले. मग मागणीने कपडे बदलले. बायबलमधल्या सृष्टीच्या कथेला ‘क्रिएशन सायन्स’ म्हणायचं आणि उत्क्रांतीइतकाच वेळ मागायचा. आर्कान्सासचा असा कायदा १९८२ साली न्यायाधीश ओव्हरटन यांनी रद्द केला, लुइझियानाचा १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने. पुढचा अवतार ‘इंटेलिजंट डिझाइन’, म्हणजे बुद्धिमान रचनाकार. तो कोण हे मात्र सांगायचं नाही.

पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर गावात शाळा मंडळाने २००४ साली ठरवलं की नववीच्या जीवशास्त्राच्या वर्गात एक निवेदन वाचून दाखवायचं: डार्विनच्या सिद्धांतात त्रुटी आहेत, पर्यायासाठी ग्रंथालयातलं ‘ऑफ पांडाज अँड पीपल’ पाहा. विज्ञान शिक्षकांनी ते वाचायला नकार दिला, शेवटी प्रशासनातल्या अधिकाऱ्यांनी वर्गात येऊन वाचलं. अकरा पालक कोर्टात गेले. सुनावणीत त्या पुस्तकाचे जुने मसुदे बाहेर आले. १९८७ च्या निकालापूर्वीच्या मसुद्यात ‘क्रिएशन’ हा शब्द होता, निकालानंतरच्या मसुद्यात त्याच जागी ‘इंटेलिजंट डिझाइन’, व्याख्या तीच. एका ठिकाणी शब्द बदलणाऱ्याचा हात चुकला. ‘क्रिएशनिस्ट्स’ पुसून ‘डिझाइन प्रोपोनंट्स’ बसवताना जुन्या शब्दाची दोन्ही टोकं राहिली आणि ‘सीडिझाइन प्रोपोनंटसिस्ट्स’ असा शब्द तयार झाला. जोडणारा दुवा (दोन प्राणिगटांची लक्षणं असलेला जीव) म्हणून धड्यातल्या पेरिपॅटसच्या शेजारी लावावा असाच! डिसेंबर २००५ मध्ये न्यायाधीश जोन्स यांनी निकाल दिला की हे विज्ञान नव्हे.

हे कामाचं का? कारण तुमच्याकडे येणाऱ्या पुस्तिकेतला ‘विज्ञान’ भाग बहुतेक वेळा याच साहित्यातून उचललेला असतो. डोळा आपोआप कसा बनेल, मधले दुवे कुठे आहेत, कार्बन डेटिंग खोटं आहे, ऊष्मागतिकीचा दुसरा नियम (बंद व्यवस्थेत अव्यवस्था वाढत जाते) मोडतो. वर वेष्टन तेवढं बदलतं. कुठे वेद-पुराणांचं, कुठे कुराणाचं (तुर्कस्तानातून २००६-०७ मध्ये जगभर फुकट वाटलेल्या जाडजूड ‘अ‍ॅटलस ऑफ क्रिएशन’मध्ये जिवंत कीटक म्हणून चक्क मासेमारीच्या गळाला लावायच्या नकली माशीचा फोटो होता), कुठे बायबलचं. आत तेच दहा-बारा मुद्दे फिरत असतात. ते एकदा नीट समजून घेतले की वक्ता कोणत्याही रंगाचा असो, तयारी तीच लागते.

आता आपल्या भागाकडे. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादेतच, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, वैदिक संमेलनाच्या निमित्ताने आलेले तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले होते की डार्विनचा सिद्धांत वैज्ञानिकदृष्ट्या चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कुणी पाहिल्याचं सांगितलेलं नाही, आणि अभ्यासक्रमात बदल व्हायला हवा. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी लगेच संयुक्त निवेदन काढून सांगितलं की उत्क्रांती अभ्यासक्रमातून काढणं किंवा तिच्यात मिथकांची भेसळ करणं हे मागे नेणारं पाऊल ठरेल. खुद्द मनुष्यबळ विकास मंत्री प्रकाश जावडेकर यांनीही अशी विधानं टाळावीत असं सांगितलं. संस्थाचालकांशी बोलताना अमेरिकेचे खटले काढण्यापेक्षा हा प्रसंग सांगा. आपल्या देशातल्या शिखर विज्ञानसंस्था काय म्हणतात, याला बैठकीत वजन असतं.

अमेरिकेचे निकाल इथे लागूही होत नाहीत. त्यांच्या घटनेत धर्म आणि राज्य यांच्यात जशी भिंत आहे तशी आपल्या घटनेत नाही. आपल्याकडे कलम २८ आहे. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, म्हणजे जिल्हा परिषदेची शाळा असती तर प्रश्न तिथेच मिटला असता. अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेत, पालकांच्या संमतीशिवाय, कुठल्याही मुलाला धार्मिक शिक्षणाला बसायला लावता येत नाही. तुमची शाळा या दुसऱ्या गटात येते. शिवाय कलम ५१क(ज): वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणं हे प्रत्येक नागरिकाचं मूलभूत कर्तव्य. पण भ्रमात राहू नका, या कलमाच्या जोरावर कोर्टात हमखास जिंकता येतं असं नाही. विद्यापीठांत ज्योतिष शिकवण्याच्या निर्णयाला आव्हान देणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये फेटाळली होती. २००२ मध्येही न्यायालयाने धर्मांविषयी माहिती देणं आणि धर्माची दीक्षा देणं यांत फरक केला होता. काही जण सांगतात, जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार करा. तो २०१३ चा कायदा नरबळी, अघोरी कृत्यं, बुवाबाजी यांसाठी आहे. व्याख्यानाला तो लावायला गेलात तर हसं होईल.

म्हणून कायद्याचा बडगा नको, कागद पुढे करा. मुख्याध्यापकांना साधं पत्र द्या आणि आवक क्रमांक घ्या. मजकूर असा चालेल:

‘इयत्ता दहावीसाठी प्रस्तावित व्याख्यानाबाबत विनंती, की (१) दाखवायच्या सर्व स्लाइड व वाटायची पुस्तिका आठ दिवस आधी विज्ञान विभागास पाहण्यास मिळावी, (२) व्याख्यान विज्ञान विषयाच्या तासिकेत न घेता स्वतंत्र वेळेत, ऐच्छिक उपस्थितीने व पालकांच्या लेखी संमतीने घ्यावे, (३) व्याख्यानातील आशय विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २, प्रकरण १ ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ याच्याशी विसंगत असल्यास, तो मंडळाच्या परीक्षेच्या अभ्यासक्रमाचा भाग नाही, असे विद्यार्थ्यांना त्याच वेळी सांगण्यात यावे, (४) व्याख्यानानंतर विज्ञान शिक्षकास प्रश्नोत्तरांसाठी वीस मिनिटे मिळावीत.’

यात ‘विरोध’ हा शब्द कुठेही नाही, मुद्दाम. पहिली अट सगळ्यात महत्त्वाची. स्लाइड आधी द्यायच्या म्हटलं की निम्मे वक्ते तारीखच बदलतात. दुसऱ्या अटीने विज्ञानाचा तास वाचतो. तिसरी दहावीच्या पालकांना लगेच पटते, कारण तिथे गुणांचा प्रश्न आहे. चौथी मिळाली तर सोनं, नाही मिळाली तर दुसऱ्या दिवशीचा तास आहेच.

स्लाइड हाती आल्या की एकेका दाव्याची वर्गवारी करा. इथे शिक्षकांची एक ठरलेली चूक होते. एका दमात ते म्हणतात, ‘हे विज्ञान नाही, कारण तपासता येत नाही,’ आणि पुढच्याच दमात, ‘हे खोटं आहे, विज्ञानाने सिद्ध केलंय.’ दोन्ही एकदम खरं असू शकत नाही. तपासता येत नसेल तर खोटं कसं ठरवलं? चाणाक्ष वक्ता हीच फट पकडतो. दाव्यांचे सरळ दोन ढीग करा. पृथ्वी सहा हजार वर्षांची आहे, सगळे खडक एकाच प्रलयात साचले, एकही मधला जीवाश्म नाही, हे तपासता येणारे दावे आहेत. तपासले गेले आणि चुकले. ‘या सगळ्यामागे ईश्वराची इच्छा आहे’ हा तपासता न येणारा दावा. त्याला विज्ञानाच्या तासात हो म्हणायचं नाही आणि नाहीही म्हणायचं नाही. तो मुलाच्या घरचा, मंदिराचा, मशिदीचा, विहाराचा विषय. हे शब्द वर्गात बोलून दाखवा. मुलांचे खांदे सैल पडतात, कारण आपली श्रद्धा पणाला लागलेली नाही हे त्यांना कळतं.

आपल्याकडे एक तिसरा प्रकार जास्त चालतो आणि तो गोड असल्यामुळे जास्त फसवा आहे. तो उत्क्रांती नाकारत नाही, उलट ‘आमच्याकडे आधीच होती’ म्हणतो. दशावतार म्हणजेच उत्क्रांती: मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन. ही तुलना एकोणिसाव्या शतकापासून फिरते आहे. शिक्षकही धडा सोपा करायला ती वापरतात. वापरू नका. उत्क्रांती म्हणजे वंशसातत्य आणि बदल. कूर्म हा मत्स्याचा वंशज आहे असं कोणतंच पुराण म्हणत नाही. अवतारांची संख्याही एक नाही. भागवताच्या पहिल्या स्कंधात बावीस अवतार मोजलेत आणि शेवटी अवतार असंख्य आहेत असंही तिथेच म्हटलंय. कुठे बुद्ध, कुठे बलराम, महाराष्ट्रातल्या काही जुन्या पंचांगांत नवव्या जागी विठोबा. कथा म्हणून ही विविधता सुंदर आहे. जीवाश्मांचा तक्ता म्हणून ती वापरली की दोन्हींची माती होते.

चौऱ्यांशी लक्ष योनींचंही तसंच. २०११ साली एका शोधनिबंधाने पृथ्वीवर सुमारे ८७ लाख प्रजाती असाव्यात असा अंदाज मांडला आणि लगेच ‘बघा, ८४ लाख!’ सुरू झालं. त्या अंदाजात १३ लाखांची कमी-अधिक शक्यता दिली होती, जिवाणू धरलेले नव्हते, नामशेष झालेल्या प्रजाती नव्हत्या. दुसऱ्या बाजूला ८४ लाखांची परंपरेतली फोड पाहा: जलचर ९, स्थावर २०, कृमी ११, पक्षी १०, पशू ३०, मनुष्य ४ लाख. आज माहीत असलेल्या पक्ष्यांच्या प्रजाती ११ हजारांच्या आसपास आहेत आणि माणसाची एकच. बेरीज जुळते, पोट जुळत नाही. मुलांना फळ्यावर फोड लिहून द्या आणि बाकीचं त्यांच्यावर सोडा.

ब्रह्मदेवाचा दिवस ४३२ कोटी वर्षांचा आणि पृथ्वीचं वय ४५४ कोटी, हेही हमखास येतं. इथे घरातलाच पुरावा कामी येतो. पूजेच्या संकल्पात भटजी म्हणतात, श्वेतवाराह कल्पे, वैवस्वत मन्वंतरे, अष्टाविंशतितमे. म्हणजे या कल्पातली सहा मन्वंतरं झाली, सातवं चालू, त्यातलं अठ्ठाविसावं महायुग. हिशेब केला तर कल्प सुरू होऊन सुमारे १९७ कोटी वर्षं झाली. ४३२ ही दिवसाची पूर्ण लांबी आहे, सरलेला काळ नव्हे. पृथ्वीच्या वयाशी तुलना करायची तर १९७ ची करावी लागेल, आणि ती जुळत नाही.

‘कुणी पाहिलं का?’ या प्रश्नाला मराठी माणसाकडे फार चांगलं उत्तर आहे. मराठी महाराष्ट्री प्राकृतापासून आली, सातवाहनांच्या पैठणात ती प्राकृत बोलली जायची. कुठल्या दिवशी आईने प्राकृतात हाक मारली आणि लेकराने मराठीत ओ दिली? असा दिवस नव्हता. प्रत्येक पिढीला आधीची पिढी समजत होती, तरी दोन हजार वर्षांत भाषा बदलली, आणि ते आपण शिलालेख, ताम्रपट, पोथ्या यांवरून ठामपणे सांगतो. ‘माकडापासून माणूस झाला तर माकडं अजून का आहेत?’ याचंही उत्तर त्यातच आहे. मराठी आणि गुजराती दोघींचं मूळ मागे कुठेतरी एक. म्हणून कुणी विचारत नाही की मराठी आली तरी गुजराती का राहिली. चिंपांझी आपला आजोबा नव्हे, लांबचा चुलतभाऊ.

जीवाश्मांची बाजू मराठवाड्यात अवघड वाटते, कारण पायाखाली लाव्हाचा खडक आणि लाव्हात हाडं टिकत नाहीत. पण वयाचा मुद्दा इथे जितका छान दाखवता येतो तितका क्वचित कुठे. शिवारात नवी विहीर खोदत असेल तर मुलांना काठावरून दाखवा. वर काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या खडक (बुडबुड्यांच्या पोकळ्यांत पांढऱ्या गारगोट्या भरलेला), खाली काळा पाषाण, आणि दोन थरांच्या मध्ये कधीकधी वीतभर जाडीचा लाल मातीचा पट्टा. बालाघाटातल्या रस्त्याच्या कापीतही हे पट्टे दिसतात. बहुतेक लाल पट्टे म्हणजे त्या वेळची उघडी जमीन. लाव्हा वाहिला, थंड झाला, ऊन-पावसाने त्याचा वरचा भाग झिजून लाल झाला, मग वरून पुढचा लाव्हा आला आणि त्याने माती भाजली. एकाच प्रलयात, पाण्याखाली हे होत नाही. उघड्यावर खडक झिजायला पाण्याबाहेर वेळ लागतो, आणि तो थर खाली-वर अनेकदा दिसतो.

वय ठरवताना मात्र सावध राहा. धड्यात पुराजीवविषयक पुराव्यांजवळ कार्बन डेटिंगचा उल्लेख येतो आणि मुलं समजतात की डायनासोरांचं वय कार्बनने काढतात. कार्बन-१४ चा अर्धायुकाल ५७३० वर्षे. फार तर पन्नास हजार वर्षांपर्यंत तो चालतो, तोही पूर्वी जिवंत असलेल्या वस्तूंवर. आपल्या बेसॉल्टचं वय आर्गॉन-आर्गॉन आणि युरेनियम-शिसे या दोन स्वतंत्र घड्याळांनी काढलं आहे आणि दोन्ही साधारण ६.६ कोटी वर्षे सांगतात. घड्याळं वेगळी, मूलद्रव्यं वेगळी, वेग वेगळे, उत्तर एक. ‘जिवंत गोगलगायीचं वय कार्बनने हजारो वर्षं आलं’ हा दावा खोटा नाही, अर्धवट आहे. चुनखडीतून आलेला जुना कार्बन शिंपल्यात गेला की वय जास्त दिसतं. हा दोष माहीत आहे, त्याची दुरुस्ती करतात, आणि ज्वालामुखीच्या खडकाशी त्याचा काही संबंध नाही.

घड्याळं न जुळण्याचं उदाहरणही शेजारी आहे आणि वक्त्याच्या आधी तुम्हीच ते काढा. जालन्याच्या सीमेपलीकडे बुलढाण्यातलं लोणार. उष्मादीप्ती पद्धतीने (नमुना तापवल्यावर निघणारा प्रकाश मोजून) विवराचं वय सुमारे ५० हजार वर्षे आलं, आर्गॉनने सुमारे ५ लाख ७० हजार. दहापटीचा फरक! मुलांना विचारा, आता काय करायचं? दोन्ही फेकून द्यायची? संशोधक हे करत नाहीत. विवर पडलं तेव्हा कोणत्या पद्धतीचं घड्याळ खरोखर पुन्हा शून्यावर आलं, नमुना नंतर तापला होता का, काच पूर्ण वितळली होती का, हे तपासतात. आणि या भांडणातलं सगळ्यात लहान उत्तरही सहा हजारांच्या कितीतरी पुढे आहे.

हाडं हवीच असतील तर लातूर जिल्ह्यात मांजरा नदीच्या जुन्या गाळात हत्ती, रानबैल, पाणघोडा यांचे जीवाश्म मिळालेले आहेत. मांजरा नदीत पाणघोडा, हे ऐकूनच वर्ग जागा होतो. विदर्भात चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला डायनासोरांची अश्मीभूत विष्ठा मिळते. २००५ साली तिच्यात गवताचे सूक्ष्म सिलिका कण सापडले, त्यांत भाताच्या नातेवाइकांचेही. तोवर समज होता की गवतं डायनासोरांच्या नंतर पसरली. पुस्तक बदलावं लागलं. ‘विज्ञान रोज बदलतं, मग विश्वास कशाला’ म्हणणाऱ्याला हे उदाहरण द्या: बदल शेणाच्या तुकड्याने झाला, भाषणाने नाही.

डोळा, जिवाणूंचं शेपूट, ऊष्मागतिकी यांवर फार वेळ घालवू नका. शेवटच्यासाठी एक वाक्य पुरतं: पृथ्वीला रोज सूर्याकडून ऊर्जा मिळते, ती बंद डबी नाही, नाहीतर बियाण्यातून ज्वारीचं ताटही उभं राहिलं नसतं.

वेळ घालवायचा तो नैसर्गिक निवडीवर. इथेच आपण कमी पडतो. धडा भाग २ चा पहिलाच, जूनमध्ये घाईने उरकला जातो. मुलं ‘जोडणारे दुवे: पेरिपॅटस, बदकचोच प्लॅटिपस, लंगफिश’ पाठ करतात आणि तरीही मनातून मानत नाहीत. लातूर पॅटर्नमधून ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेशपरीक्षा देणारी मुलं बारावीचं उत्क्रांतीचं प्रकरण कोळून पितात, उत्तरं अचूक देतात, आणि बाहेर आल्यावर ‘ते पेपरापुरतं हो’ म्हणतात. केंद्रीय मंडळाच्या शाळांत तर २०२२-२३ मध्ये दहावीच्या अभ्यासक्रमातून उत्क्रांतीचा भागच वगळला गेला. एप्रिल २०२३ मध्ये अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ-शिक्षकांनी तो परत घ्या म्हणून निवेदन काढलं होतं. आपल्या राज्य मंडळाच्या पुस्तकात तो आहे. मग तो नीट शिकवायलाच हवा. वक्त्याला जी जागा मिळते ती आपण रिकामी सोडलेली असते.

एक सवय आधी सोडा: ‘बळी तो कान पिळी’ म्हणून नैसर्गिक निवड सांगणं. निवडीत जगणारा बलदंड असतोच असं नाही. उदाहरण तुमच्या शिवारात आहे, शेंदरी बोंडअळी. बीटी कापूस २००२ मध्ये आला, दोन जनुकांचा २००६ मध्ये. बीटीचं विष अळीच्या आतड्यातल्या विशिष्ट प्रथिनांना चिकटून काम करतं. लाखो अळ्यांत काहींमध्ये त्या प्रथिनाच्या जनुकात आधीपासून बिघाड होता. विष चिकटेना, अळी जगली. बाकीच्या मेल्या, या वाढल्या. २०१० च्या सुमारास पहिल्या जनुकाला दाद न देणाऱ्या अळ्या नोंदल्या गेल्या, पुढे दोन्हींना, आणि २०१७ च्या हंगामात मराठवाड्यात बोंडं किडकी निघाली. अळी ‘शिकली’ नाही, तिने ‘प्रयत्न’ केला नाही. तसं म्हणाल तर तो लॅमार्क झाला (वापराने, प्रयत्नाने अंग बदलतं आणि ते पुढच्या पिढीत उतरतं, हे त्याचं जुनं मत). बिघाड झालेली अळी एरवी उलट जरा कमजोरच असू शकते. विषारी शेतात तेवढी तीच टिकते.

बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमची बिगरबीटीची पुडी का द्यायचे, हे मुलांना घरी विचारायला सांगा. बहुतेक घरांत ती पुडी पेरलीच गेली नाही. तिचा उपयोग खेळातून दाखवता येतो. एका ताटात १९० मूग (विषाने मरणाऱ्या अळ्या) आणि १० उडीद (न मरणाऱ्या) घ्या. प्रत्येक पिढीत मुगातले ९० टक्के आणि उडदातले १० टक्के काढा. उरलेल्यांचं तेच प्रमाण ठेवून ताट पुन्हा २०० दाण्यांचं भरा. उडीद १० वरून ६४, मग १६१, मग १९५ होतात. तीन पिढ्यांत ताट काळं. आता दुसरं ताट: सगळं तेच, पण दरवेळी मरण झाल्यावर आणि ताट भरण्याआधी ‘बिगरबीटी ओळीतले’ ३० मूग घाला. उडीद १०, ३१, ७५, १२३. थांबत नाही, लांबतं. दोन ताटं शेजारी ठेवा.

चुका कुठे होतात? मुलं १० टक्के काढताना मोजत नाहीत, मूठ मारतात, आणि आकडे भरकटतात; म्हणून प्रत्येक गटात एक मोजणारा आणि एक लिहिणारा ठेवा. ताट पुन्हा भरताना प्रमाणाचं गणित अडतं (२८ पैकी ९, तर २०० पैकी किती?), त्यासाठी दहा मिनिटं जादा धरा. एका तासिकेत एकच ताट होतं, दोन्ही हवी तर वर्गाचे दोन भाग करा. आणि हा खेळ सोपा केलेला आहे हे सांगा. खऱ्या अळीत नर-मादीचं मीलन आहे आणि हा प्रतिकाराचा गुण बहुधा अप्रभावी असतो, म्हणून बिगरबीटी ओळींचा फायदा प्रत्यक्षात याहून जास्त. मेंडेल आधी शिकवला असेल तर हुशार मूल हे स्वतःच काढतं.

धड्यातल्या आणखी दोन जागा जपून. आंत्रपुच्छाला ‘निरुपयोगी’ म्हणू नका, त्यात लसिका ऊती आहेत आणि वक्ता नेमकं तेच दाखवणार. अवशेषांग म्हणजे मूळचं काम गेलेलं अंग, बिनकामाचं नव्हे. भ्रूणांची जुनी हाताने काढलेली चित्रं साम्य फुगवून दाखवतात. खरे फोटो वापरा, त्यातही साम्य पुरेसं आहे.

एखादं मूल म्हणालं, “आमच्या घरी हे मानत नाहीत,” तर त्याला गप्प करू नका आणि त्याचे गुणही कापू नका. प्रश्नपत्रिकेत ‘उत्क्रांती मानतोस का’ असं विचारत नाहीत, ‘पुरावे स्पष्ट करा’ विचारतात. पुरावा बरोबर मांडला तर पूर्ण गुण.

पत्र या आठवड्यात द्या, खेळ धड्यासोबत जून-जुलैत घ्या. शेतातला भाग तेव्हा जमत नाही, कारण पऱ्हाटीला फुलंच नसतात. पेरणीनंतर साधारण दोन महिन्यांनी, पोळ्याच्या आसपास, एखाद्या शेतकऱ्याला विचारून शिवारात जा आणि डोमकळ्या शोधा, गुलाबाच्या मिटल्या कळीसारखी पाकळ्या चिकटलेली फुलं. हळूच उघडून दाखवा. आत ती बारकी अळी असते.